ओसाड विहाराचा जमाखर्च

आपल्या समाजात प्रवास म्हटला की ठरलेली ठिकाणे डोळ्यांसमोर येतात. सहा डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, आणि हाताशी चार पैसे जास्त असले तर अजिंठा-वेरूळ. बुद्धगया, सारनाथ ही तर आयुष्यात एकदा घडणारी यात्रा. या सर्व ठिकाणी गेलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु याच महाराष्ट्राच्या डोंगरकपारींत शेकडो बौद्ध लेणी अशी आहेत की, जिथे ना गाईड भेटतो, ना हॉटेल, ना फोटो काढणाऱ्यांची झुंबड. गुराखी पावसात आसऱ्याला जातात, वटवाघळे मुक्काम करतात, आणि दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ती कोरवली त्यांची नावे भिंतीवर वाचणाऱ्याची वाट पाहत राहतात.

या सदरात आम्ही नेहमी घरातल्या आणि वस्तीतल्या गोष्टी लिहितो. आजची गोष्ट डोंगरातली वाटेल. पण शेवटी ती वस्तीतच येऊन पोहोचणार आहे, तेव्हा वाचक बंधू-भगिनींनी थोडा धीर धरावा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आणि वस्तीतील काही कुटुंबे पितळखोऱ्याची लेणी पाहण्यास गेलो. म्हाताऱ्या मावश्या होत्या, कारखान्यातून निवृत्त झालेले दोघे-तिघे होते, नोकरीवाली तरुण मुले होती आणि शाळेतली पोरेही होती. पितळखोरे हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात येते. हा सारा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा आहे. वेरूळहून येता येते, तसेच खानदेशातल्या चाळीसगावहून घाट चढूनही येता येते. आम्ही रेल्वेने चाळीसगावला उतरलो आणि तिथून दोन जीपगाड्या ठरवल्या.

ठिकाणाचे नाव ऐकताच जीपवाला हसला. म्हणाला, "काका, तिथं काय बघायचंय? नुसती पडकी लेणी आहेत. त्यापेक्षा वेरूळला चला, तिथं सगळं व्यवस्थित आहे. जेवणाची सोय आहे."

आमच्यातल्या एका मावशींनी आमच्या आधी उत्तर दिले, "पडकं असलं म्हणून काय झालं बाबा? आपल्या माणसांचं घर हाय ते. बघायला नको?"

जीपवाला गप्प झाला आणि गाडी सुरू झाली.

चाळीसगाव म्हटल्यावर बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. साल १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. खानदेशातले काम आटोपून परतताना ते चाळीसगावला मुक्कामाला थांबले, कारण तिथल्या आपल्या लोकांनी आग्रह धरला होता. स्टेशनापासून वस्तीपर्यंत न्यायला टांगा हवा होता. पण अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, लगाम हाती घेतला. वाटेत पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या, कायदे कौन्सिलात बसणाऱ्या माणसाची ही कथा आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे.

त्याच गावातून आमच्या मावश्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून लेणी पाहण्यास निघाल्या. हा फरक आपोआप पडलेला नाही, एवढे आम्ही मुलांना गाडीतच सांगितले.

घाट चढून वर पठारावर आल्यावर गाडी आतल्या रस्त्याला लागली. एका जागी रस्ता संपतो. समोर पाहिले तर लेणी कुठेच दिसत नाहीत. नुसते पठार आणि पुढे एकदम खोल दरी. लेणी दरीच्या पोटात आहेत. त्यामुळे येथे डोंगर चढायचा नसून उतरायचा असतो. दगडी पायऱ्या आहेत, त्या बऱ्याच आहेत आणि गुडघ्यांची परीक्षा घेणाऱ्या आहेत. मावश्या बसत-उठत उतरल्या. तळाशी ओढा आहे. पावसाळ्यात वरून धबधबा कोसळतो, हिवाळ्यात डबक्याएवढे पाणी उरते. ओढा ओलांडून वळले की अचानक कातळात कोरलेला प्रचंड दरवाजा समोर उभा राहतो.

पहिली भावना काय झाली, ते खरे सांगतो. आनंद झाला नाही, वाईट वाटले. दर्शनी भाग जवळजवळ सगळा कोसळला आहे. छत अर्धे उघडे आहे. खांब निम्म्यावर तुटले आहेत. पुरातत्त्व खात्याने काही ठिकाणी सिमेंटचे खांब घालून छत तोलून धरले आहे, म्हणून उरले तेवढे उरले आहे. एखाद्या चाळीत आग लागून गेल्यावर उरलेल्या भिंती पाहाव्यात, तसे ते दृश्य होते. आमच्यातल्या एका पोराने विचारले, "ही कुणी पाडली?" त्याचे उत्तर पुढे देतो. आधी ती कुणी उभारली, ते पाहू.

पितळखोऱ्यात एकूण १४ लेणी धरली जातात. त्यांपैकी चार चैत्यगृहे आहेत आणि बाकीचे विहार. चैत्यगृह म्हणजे स्तूपासमोर एकत्र जमून वंदना करण्याची जागा, आणि विहार म्हणजे भिक्षूंच्या राहण्याची जागा. काही लेणी ओढ्याच्या एका अंगाला, काही पलीकडे. कोरण्यास सुरुवात झाली ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, म्हणजे आजपासून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. हा काळ महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या लेण्यांचा. अजिंठ्याची जी रंगीत चित्रे आपण कॅलेंडरवर पाहतो, त्यांतली बहुतेक यानंतर पाच-सहाशे वर्षांनी रंगवली गेली.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे हे मुख्य चैत्यगृह. येथे मूळचे सदतीस अष्टकोनी खांब होते, त्यांतले बरेच गेले. स्तूपाचा खालचा भाग तेवढा उरला आहे. जे खांब उभे आहेत त्यांच्यावर कुठे कुठे रंग टिकून आहे आणि त्यांत तथागतांच्या आकृती ओळखू येतात. ही चित्रे पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास काढलेली, म्हणजे लेणे कोरल्यानंतर कितीतरी पिढ्यांनी. याचा अर्थ ही वास्तू शेकडो वर्षे वापरात होती. नव्या पिढीने आपल्या श्रद्धेप्रमाणे तीत भर घातली होती.

पण आम्ही ज्यासाठी एवढ्या लांब आलो होतो, ती गोष्ट वेगळीच होती. खांबांवर अक्षरे कोरलेली आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. विद्वानांनी ती वाचून ठेवली आहेत. एका खांबावर लिहिले आहे की, हा खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या कुटुंबाने दिला. गंधिक म्हणजे अत्तरे, सुगंधी द्रव्ये विकणारा. दुसऱ्या खांबावर पैठणच्याच संघक नावाच्या माणसाच्या मुलांचे नाव आहे. शेजारच्या विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचे नाव आहे आणि त्याच्या मुलीचे व मुलाचेही नाव आहे.

आम्ही त्या खांबापाशी उभे राहून एवढे सांगितले, तेव्हा मावशींनी विचारले, "म्हंजे भाऊ, हे राजानं नाही बांधलं?"

"नाही मावशी. एकट्या राजाचं हे काम दिसत नाही. एकानं एक खांब दिला, दुसऱ्यानं दुसरा."

"आपण विहाराला पंखा देतो तसं?"

"अगदी तसं."

मावशींनी खांबावरून हात फिरवला नाही, फक्त जवळून पाहिले आणि हात जोडले. वाचकहो, सदतीस खांबांचे ते लेणे इतक्या सोप्या शब्दांत कुणी आम्हाला समजावून सांगितले नव्हते. पैठण ते पितळखोरे हे अंतर आजच्या रस्त्याने शंभर किलोमीटरहून जास्त आहे. बैलगाडीने किंवा पायी किती दिवस लागत असतील, याचा हिशेब करा. अत्तर विकणाऱ्या कुटुंबाने आपल्या गल्ल्यातले पैसे बाजूला काढून एवढ्या लांबच्या डोंगरातल्या खांबासाठी पाठवले. आणि त्यावर जात लिहिली नाही. गाव लिहिले, धंदा लिहिला, कुटुंब लिहिले आणि दान लिहिले.

शेजारचे चौथे लेणे हा विहार आहे. त्याच्या जोत्यावर ओळीने नऊ हत्ती कोरले आहेत. जणू सगळा विहार त्यांनी पाठीवर तोलला आहे. सोंडा बहुतेकांच्या तुटल्या आहेत. शेजारी दार आहे आणि दारावर दोन्ही बाजूंना द्वारपाल उभे आहेत. त्यांच्या हातांतली शस्त्रे, अंगावरची वस्त्रे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. त्या काळचा पहारेकरी कसा दिसत असेल, ते कळते. दारातून आत गेले की कातळातच कोरलेला जिना वर जातो.

दाराच्या बाजूला पाच फण्यांचा नाग कोरला आहे. आमच्यातल्या एका गृहस्थांचे आयुष्य कारखान्यात फिटरकामात गेले. ते नागापाशी बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, ही नुसती शोभा नाही. ही पाइपलाइन आहे." आणि ते खरेच आहे. नागाच्या मागे कातळातून पाणी वाहून नेण्यासाठी नळीसारखी वाट कोरलेली आहे आणि पाणी फण्यांतून बाहेर पडावे अशी ती योजना होती. दोन हजार वर्षांपूर्वी कातळ फोडणाऱ्या त्या कारागिराचे मन आजच्या फिटरने ओळखले. पुस्तक वाचून जे कळायला आम्हाला वेळ लागला होता, ते त्यांना नजरेने कळले. आपल्या कष्टकरी माणसांनी अशा ठिकाणी का जावे, याचे याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नाही. हातांनी काम करणाऱ्यांना हातांनी केलेले काम लवकर वाचता येते.

कारागिराचे नाव सहसा कुठे राहत नाही. पितळखोऱ्यात मात्र एक राहिले आहे. लेण्यांसमोर साचलेला दगडमातीचा ढिगारा पुरातत्त्व खात्याने १९५० नंतरच्या दशकात उपसला. त्यात अनेक शिल्पे मिळाली आणि म. न. देशपांडे यांनी त्याबद्दल सविस्तर लेखन केले. त्या ढिगाऱ्यात एका बुटक्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती सापडली. डोक्यावर भांडे घेतलेला हा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर अक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ असा की, कान्हदास नावाच्या सोनाराने ही मूर्ती घडवली. सोने घडवणाऱ्या हातांनी दगड घडवला आणि खाली नाव लिहिले. यक्षाच्या चेहऱ्यावरचे हसू इतके मोकळे आहे की, काम करताना कान्हदास स्वतःही हसत असावा असे वाटते.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. ही लेणी कुणी पाडली?

अशा ठिकाणी गेल्यावर आपल्या मनात लगेच एखादा शत्रू उभा राहतो. इतिहासात बौद्ध वास्तूंवर आघात झाले, अनेक लेण्यांत पुढे दुसऱ्या देवता आल्या, हे आपण जाणतो. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचा विहार आज गणपतीचे देऊळ म्हणून ओळखला जातो आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ उभे आहे. हे नाकारण्याचे कारण नाही. पण पितळखोऱ्याचे खांब मोडण्याचे मोठे कारण पाणी आहे. आपला सह्याद्री आणि सातमाळ्याचे डोंगर हे लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेले आहेत. एक थर कठीण असतो, दुसरा भुसभुशीत असतो. पितळखोऱ्याचा कातळ बराच कमजोर निघाला. पावसाचे पाणी भेगांतून आत झिरपत गेले, भेगा रुंदावल्या, आणि शेवटी दर्शनी भाग आपल्याच वजनाने खाली आला.

कोरणाऱ्यांना पाण्याचा धोका माहीत नव्हता असे नाही. माहीत होता म्हणूनच तर पाण्याला वाट करून देणारी नळी त्यांनी कोरली. लेण्यात माणसे राहत होती, झाडलोट होत होती, नळी तुंबली की कुणीतरी साफ करत होते, तोवर पाणी ताब्यात होते. पुढे माणसे गेली. व्यापाराच्या वाटा बदलल्या, दान देणारी कुटुंबे आटली, भिक्षू येईनासे झाले. नळी तुंबली ती तुंबलीच. मग पाण्याने आपले काम केले.

तेव्हा त्या पोराला आम्ही सांगितले, "बाळा, हे पाण्यानं पाडलं. पण पाण्याला अडवणारं माणूस उरलं नाही, म्हणून पडलं."

वाचक बंधू-भगिनींनो, वास्तू ओसाड होते ती दगड पडतात त्या दिवशी नव्हे. ज्या दिवशी तिच्या देखभालीची तजवीज संपते, त्या दिवशी ती ओसाड होते. दगड पुढे सावकाश पडतात.

आपल्या पूर्वसूरींना ही तजवीज करण्याचे शास्त्र चांगले माहीत होते, याचा पुरावा नाशिकला आहे. पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिरश्मी डोंगरावरच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्याने तो लेख वाचताना आम्हाला कीर्द-खतावणी वाचल्यासारखे वाटते. उषवदाताने लेणे दिले आणि त्याबरोबर ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवली. ठेवली कुठे? राजाच्या तिजोरीत नाही. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत विणकरांच्या संघांकडे. २००० नाणी दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० नाणी दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, असे स्पष्ट लिहिले आहे. अशा कायम ठेवीला 'अक्षयनीवी' हा शब्द आहे.

आता हिशेब पाहा. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यायचे, म्हणजे २४०. पैसा न पैसा जुळतो. उरलेल्या १००० वर वर्षाला ९० मिळतात, ते भिक्षूंच्या इतर किरकोळ गरजांसाठी. हा ताळेबंद भिंतीवर कोरून ठेवला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावा आणि कुणी मुद्दल खाल्ले तर जाब विचारावा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा जाहीर हिशेब आहे, आणि विश्वास ठेवला तो कष्टकरी विणकरांवर.

पुन्हा पितळखोऱ्याकडे येऊ. दुपारी ओढ्याच्या काठी बसून सगळ्यांनी भाकरी, पिठले, ठेचा असे बरोबर नेलेले जेवण केले. मुलांनी पाण्यात हातपाय धुतले, एकमेकांवर पाणी उडवले. त्या वेळी आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या त्याच पुस्तकातला दुसरा प्रसंग सांगितला. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांबरोबर बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले होते. सुमारे तीस माणसे होती. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास ते थांबले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी त्यात हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की, या लोकांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो अशा अटीवर की, आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही, आणि त्यासाठी हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

मुले ऐकत होती. एका मुलीने आपले ओले हात पाहिले आणि विचारले, "मग त्यांनी लेणी पाहिली का?" प्रश्न तिचा बरोबर होता. अपमान झाला म्हणून बाबासाहेबांनी लेणी पाहणे सोडले नाही. त्या मंडळींचा प्रवास मुळात लेण्यांसाठीच होता, आणि बाबासाहेब पुढे आयुष्यभर बुद्धाच्या वाटेचा अभ्यास करत राहिले. १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी राजा मिलिंदाचे नाव दिले आणि त्या परिसराला भन्ते नागसेनांचे. जिथे हौदाला शिवू दिले नव्हते, त्याच मुलखात त्यांनी आपल्या मुलांसाठी विद्येचा हौद भरून ठेवला.

असा वारसा असताना एक गोष्ट पाहून मन खट्टू झाले. पितळखोऱ्यातही भिंतींवर येणाऱ्यांनी नावे खरवडली आहेत. बदामाचे आकार आहेत, गावांची नावे आहेत आणि एके ठिकाणी जयभीमही लिहिलेले आहे. हे लिहिणाऱ्याची भावना आम्ही समजू शकतो. पण ज्या खांबावर मितदेवाच्या कुटुंबाचे दान कोरले आहे, त्यावर खिळ्याने रेघ मारणे म्हणजे आपल्याच कागदपत्रांवर शाई सांडणे होय. ही लेणी म्हणजे आपल्या मालकीची सनद आहे. आपण येथे होतो, कष्ट करत होतो, दान देत होतो, याचा दगडी दाखला आहे. तो आपणच पुसायचा काय? शिवाय, १९५८ च्या प्राचीन स्मारकांसंबंधीच्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाला इजा करणे हा गुन्हा आहे. २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मेणबत्त्या आणि अगरबत्त्याही कातळावर, चित्रांजवळ लावू नयेत. काजळीने रंग मरतात. वंदना मुखाने होते. आम्ही स्तूपासमोर त्रिसरण-पंचशील घेतले, दहा मिनिटे शांत बसलो आणि उठलो. कुठे डाग पडला नाही.

आणि आता गोष्ट वस्तीत येते.

गेल्या काही दशकांत आपल्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन गावोगाव, वस्तोवस्ती विहार बांधले. हे काम लहान नाही. परंतु आज यांतल्या कितीतरी विहारांची दशा काय आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला रोषणाई, आणि उरलेले वर्ष कुलूप. पत्र्याला गळती, भिंतीला ओल, कपाटातल्या पुस्तकांना वाळवी. बांधण्यासाठी पावती फाडायला सगळे पुढे, उद्घाटनाच्या फलकावर नाव घालण्यासाठी भांडणे, पण गच्चीची नळी साफ करण्यासाठी शंभर रुपये मागितले की सगळे घड्याळ पाहतात. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे तर आपण भांडवली खर्च करतो, पण घसारा धरतच नाही. ज्या संस्थेच्या वहीत घसारा नाही, तिची इमारत कागदावर नवी आणि प्रत्यक्षात मोडकी असते.

उपाय अवघड नाही. समजा वस्तीत साठ घरे आहेत. प्रत्येक घराने महिन्याला फक्त वीस रुपये दिले तर महिन्याला १२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये होतात. त्यातले निम्मे, म्हणजे ७२००, वर्षभराच्या डागडुजीला आणि दिवाबत्तीला. उरलेले ७२०० बँकेत मुदत ठेवीत. ती आपली अक्षयनीवी. मुद्दलाला हात लावायचा नाही, असा ठराव सभेत घेऊन वहीत लिहायचा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, हिशेबाची दरवर्षी तपासणी व्हावी, आणि जमाखर्चाचा कागद विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा. उषवदाताला भिंतीवर हिशेब लिहिण्याची लाज वाटली नाही, मग आपल्या कमिटीला का वाटावी?

पण पैसा ही अर्धीच तजवीज झाली. उरलेली अर्धी म्हणजे वापर. विहाराचे दार रोज उघडले पाहिजे. सकाळी वंदना, संध्याकाळी मुलांची अभ्यासिका, दुपारी बायांचा बचत गट, आठवड्यातून एक दिवस ग्रंथवाचन. आमच्या अनुभवाने सांगतो, ज्या विहारात दहावीची मुले अभ्यासाला बसतात तिथल्या छताची गळती महिन्याच्या आत कुणीतरी काढतेच, कारण पाणी मुलांच्या वहीवर पडते. कुलूपबंद विहारात पाणी पडले तर ते कुणालाच दिसत नाही.

ज्यांना पितळखोऱ्याला जायचे आहे त्यांच्यासाठी चार सूचना. हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात दरी सुंदर दिसते, पण ओढ्याला पाणी येते आणि पायऱ्या निसरड्या होतात. लहान मुले आणि म्हातारी माणसे असतील तर तो धोका पत्करू नये. पिण्याचे पाणी व जेवण घरून न्यावे आणि कचरा परत आणावा, कारण जागा अभयारण्यातली आहे. उतरताना सोपे वाटते, चढताना दम लागतो, म्हणून उन्हे कलण्याआधी वर यावे. बॅटरी जवळ ठेवावी. आणि जाण्यापूर्वी मुलांना कान्हदास, मितदेव, मगिल ही नावे सांगून ठेवावीत. नाव माहीत असले की पडका खांबही ओळखीचा वाटतो.

पितळखोरे लांब पडत असेल तरी हरकत नाही. महाराष्ट्रातल्या डोंगरांत सहसा कुठे ना कुठे जवळपास लेणे असतेच. शनिवार-रविवार बघून वस्तीतली चार घरे मिळून तिथे जा. मुलांना खांब मोजायला लावा, पाण्याची वाट शोधायला लावा. आणि परत आल्यावर विहाराची किल्ली कुणाकडे आहे, ते विचारा. दार उघडा, खिडक्या उघडा, आणि गच्चीवर जाऊन नळीत अडकलेला पालापाचोळा आपल्या हातांनी काढून टाका.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!